खराट्यातून आलेली बाग

कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवरचा रेडवुड हा जगातला सर्वांत उंच वृक्ष. त्याची काही झाडे ११० मीटरच्याही वर गेली आहेत. याच रेडवुडचा ‘अ‍ॅडप्रेसा’ नावाचा एक प्रकार मात्र बागेच्या कोपऱ्यात कमरेएवढे झुडूप होऊन राहतो. वरचा जोमदार फुटवा वेळोवेळी काढत गेले, की तो वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि नवी पालवी आली की त्याचे शेंडे दुधाळ दिसतात. जात तीच, पानांची ठेवण बरीचशी तीच. वाढ तेवढी आखडलेली.

अशा आखडलेल्या वाढीच्या प्रकारांना बागकामात ड्वार्फ कॉनिफर, म्हणजे खुजे शंकुधारी म्हणतात. देवदार, चीड, फर, स्प्रूस, सायप्रस, जुनिपर ही सगळी शंकुधारी मंडळी. यांना फुले आणि फळे नसतात. बी शंकूच्या खवल्यांवर उघडे धरते. जगात यांच्या जाती जेमतेम सहाशेच्या घरात आहेत. फुलझाडांच्या लाखो जातींपुढे ही संख्या किरकोळच. पण त्यातल्या काही थोड्या जातींपासून बागायतदारांनी हजारो नामांकित प्रकार जमवले आहेत. युरोपातल्या एकट्या नॉर्वे स्प्रूसचेच शंभराहून अधिक खुजे प्रकार नोंदलेले आहेत. यांपैकी बहुतेक कोणी ठरवून घडवलेले नाहीत. जंगलात, रोपवाटिकेत किंवा रस्त्याकडेच्या झाडावर एखादी वेडीवाकडी गोष्ट घडली, ती कोणाच्या तरी नजरेला पडली आणि त्या माणसाने ती जपली, एवढाच या बागेचा उगम.

बोन्सायची आणि यांची गल्लत होते, म्हणून तो फरक आधी सांगायला हवा. बोन्साय हे पूर्ण वाढू शकणारे झाड असते. मुळे कातरून, फांद्यांना तार गुंडाळून, उथळ कुंडीत कोंडून माणूस त्याला लहान ठेवतो. तेच झाड जमिनीत लावले की ते पुन्हा उंच जाऊ लागते. खुज्या शंकुधाऱ्याचे तसे नाही. त्याचा खुजेपणा पेशींतच असतो. मोकळ्या जमिनीत, चांगल्या मातीत, कोणी कात्री न लावताही तो वर्षाला बोटभरच वाढतो.

हा खुजेपणा येतो कुठून, याची सर्वांत नवलाची वाट म्हणजे झाडावरचा खराटा. चीड किंवा स्प्रूसच्या उंच फांदीवर कधी कधी मध्येच दाट गुंता दिसतो. असंख्य बारीक डहाळ्या एकमेकींना खेटून वाढलेल्या, पाने आखूड, आकार एखाद्या मोठ्या घरट्यासारखा. युरोपातल्या लोकांना वाटे की चेटकीण उडता उडता झाडावर टेकली आणि आपला खराटा तिथेच विसरून गेली. इंग्रजीत ‘विचेस ब्रूम’ हे नाव त्यावरून पडले आणि वनस्पतिशास्त्रातही तेच रूढ झाले. खराट्याची कारणे अनेक. फरच्या झाडावर तांबेऱ्याच्या एका बुरशीने असे गुंते होतात. काही ठिकाणी बांडगूळ कारणीभूत असते. हिमालयातल्या निळ्या पाइनवर, म्हणजे कैलवर, इतके चिमुकले बांडगूळ वाढते की ते सहसा नजरेलाही पडत नाही. आपल्या वर्गातल्या सर्वांत लहान वनस्पतींमध्ये त्याची गणना होते. रोगातून झालेले असे खराटे संग्राहकाच्या कामाचे नाहीत, कारण रोग गेला की गुंताही जातो. कामाचा तो खराटा, ज्यात फांदीच्या एखाद्या डोळ्यातच उत्परिवर्तन झालेले असते. त्या एका डोळ्यापासून निघालेली सगळी वाढ जनुकानेच खुजी असते. तिथली डहाळी काढून कलम केले, की नवे झाड आयुष्यभर खुजेच राहते.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातले प्राध्यापक सिडनी वॅक्समन यांनी या खराट्यांवर आयुष्य वेचले. खराटे बहुधा झाडाच्या शेंड्याकडे, शिडी पोचणार नाही अशा जागी असतात. वॅक्समन खाली उभे राहून बंदुकीच्या गोळीने फांदी तोडून पाडत. खराट्यावर कधी कधी शंकूही येतात, पण बहुतेक मादी शंकूच. त्यांना परागकण मिळतात ते आजूबाजूच्या साध्या झाडांकडून. या बियांपासून निघालेल्या रोपांत साधारण निम्मी खुजी आणि निम्मी साधी निघतात. मेंडेलचा नियम माहीत असलेल्याला याचा अर्थ लगेच लागतो: खुजेपणाचे जनुक प्रभावी आहे आणि ते एकाच बाजूने आलेले आहे. पण वॅक्समन यांना खरा आनंद होता तो त्या निम्म्या खुज्या रोपांतल्या विविधतेचा. कुठले उशीसारखे बसके, कुठले निळसर, कुठले विसकटलेल्या केसांसारखे. अशा हजारो रोपांमधून त्यांनी वर्षानुवर्षे निवड केली. व्हाइट पाइनचे ‘सी अर्चिन’ आणि ‘ब्लू शॅग’ हे आज ठिकठिकाणच्या बागांत दिसणारे प्रकार त्याच निवडीतले.

दुसरी वाट बियांची. हजारो रोपांच्या वाफ्यात एखादेच रोप मागे राहते. रोपवाटिकेत असे रोप उपटून फेकण्याचीच रीत असते, आणि कितीतरी चांगले प्रकार अशा रीतीने कचऱ्यात गेले असतील. पण कधी कधी नशीब जोर करते. १९०४ साली बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटमचे दोन वनस्पतिशास्त्रज्ञ, आल्फ्रेड रेडर आणि जॉन जॅक, कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात लागान या ठिकाणी होते. गाडीची वाट पाहत असताना ते आसपासच्या रानात फिरले आणि त्यांना व्हाइट स्प्रूसची काही ठेंगणी, शंकूच्या आकाराची रोपे दिसली. ती त्यांनी बॉस्टनला नेली. आज ‘अल्बर्टियाना कोनिका’ या नावाने लाखोंच्या संख्येने विकला जाणारा स्प्रूस त्या रोपांचा वंशज आहे. जंगलातला व्हाइट स्प्रूस पंचवीस मीटरपर्यंत सहज जातो. कोनिका वर्षाला पाच ते दहा सेंटिमीटर वाढतो आणि कोणी कात्री न लावताही टोकदार घंटेसारखा आकार धरतो. ख्रिसमसच्या सुमारास तो कुंडीत घालून दुकानांच्या दारांशी मांडलेला असतो, त्यामुळे अनेकांना तो दुर्मीळ वाटत नाही. तरीही रोपवाटिकांतली त्याची असंख्य झाडे काही मोजक्या रोपांच्या डहाळ्यांपासून आलेली आहेत, हे लक्षात घेतले की त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलते.

तिसरी वाट बालपणाची. बऱ्याच शंकुधाऱ्यांची लहानपणची पाने वेगळी असतात. सायप्रस आणि जुनिपरच्या रोपाला आधी मऊ, सुईसारखी सुटी पाने येतात; झाड मोठे झाले की ती जाऊन दोरीला चिकटलेल्या खवल्यांसारखी पाने येतात. पण काही झाडांचे बालपण सरतच नाही. ती म्हातारी होतात तरी पाने लेकरांचीच राहतात, आणि बहुधा वाढही सावकाश होते. जपानहून एकोणिसाव्या शतकात असे प्रकार युरोपात आले, तेव्हा शास्त्रज्ञही चकले. त्यांची पाने इतकी निराळी होती की बागायतदारांनी त्यांना ‘रेटिनिस्पोरा’ नावाच्या एका वेगळ्याच प्रजातीत टाकले. ही कोणी नवी मंडळी नसून ओळखीच्या सायप्रसचीच न वाढलेली लेकरे आहेत, हे नंतर कळले. साध्या सावारा सायप्रसचा ‘बुलेव्हार्ड’ हा रुपेरी निळा, हाताला मखमलीसारखा लागणारा प्रकार याच वर्गातला.

चौथी वाट छाटाची, आणि ती महाराष्ट्रातल्या वाचकाला सहज पटावी, कारण तिचे उत्तम उदाहरण मुंबई-पुण्यातल्या बंगल्यांच्या अंगणात उभे असते. ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून लावले जाते ते अरौकारिया. त्याच्या शेंड्याची छाट लावली तर नवे झाड सरळ वर जाते. बाजूच्या फांदीची छाट लावली तर मात्र ते रोप वर न जाता फांदीसारखे आडवेच पसरत राहते, आणि हे वर्षानुवर्षे चालते. आपण फांदी होतो, ही आठवण जणू त्या तुकड्याला राहते. काही पसरट शंकुधारी प्रकार असेच बाजूच्या फांद्यांच्या छाटांपासून जन्मलेले आहेत. मध्येच एखादा उभा फुटवा निघाला, की असे झाड आपले पसरणे सोडून वृक्ष व्हायला लागते. तो फुटवा वेळीच काढावा लागतो.

आणि काही शंकुधारी मुळातच खुजे आहेत. तिथे चूक नाही, अपघात नाही. डोंगरावरच्या वाऱ्याशी आणि बर्फाशी जमवून घेता घेता त्यांनी ती उंची पत्करलेली आहे. आल्प्समधला मुगो पाइन, सैबेरिया आणि जपानच्या शिखरांवरचा सरपटता पाइन, हिमालयात वृक्षरेषेच्या वर खडकाला चिकटून राहणारा जुनिपर हे सगळे त्यातलेच. न्यूझीलंडमधला पिग्मी पाइन तर गवतातून सरपटतो आणि जेमतेम आठ सेंटिमीटर उंचीवर असतानाही बी धरतो. रेडवुड आणि हा पिग्मी पाइन एकाच शंकुधारी गटातले, ही एक गोष्टदेखील या गटाबद्दल कुतूहल वाटायला पुरेशी आहे.

खुजा प्रकार एकदा सापडला, तरी पुढची अडचण मोठी असते. त्याचे बी पेरले तर बहुधा तो पुन्हा मिळत नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. हापूसची कोय रुजवून हापूस येत नाही, त्यासाठी कलमच बांधावे लागते. हापूसचे प्रत्येक झाड म्हणजे आधीच्या हापूसच्या काडीची पुढची वाढ. शंकुधाऱ्यांचेही तसेच आहे. सायप्रस, जुनिपर आणि थुजा यांच्या छाटांना मुळे फुटतात. पाइन, फर आणि बहुतेक स्प्रूस मात्र कलमानेच वाढवावे लागतात. हिवाळ्याच्या अखेरीला, खुंट कुंडीत जागा होत असताना, त्याच्या बुंध्यापाशी बाजूने तिरपा काप देऊन त्यात खुज्या झाडाची काडी बसवतात आणि पट्टीने आवळतात. खुंट जवळच्या जातीचा लागतो. पाइनमध्ये तर सुयाही मोजतात: जोडीने सुया येणाऱ्या पाइनला बहुधा स्कॉट्स पाइनचा खुंट, पाच-पाच सुयांच्या पाइनला व्हाइट पाइनचा. कलम जगले तरी विकण्याजोगे रोप व्हायला काही वर्षे जातात, आणि वाढ बोटभर असल्यामुळे नव्या कलमांसाठी काड्याही थोड्याच मिळतात. दुर्मीळ प्रकार महाग का, याचे कारण एवढेच आहे. त्यात व्यापाऱ्याची हाव शोधण्याचे कारण नाही.

खुजा म्हणजे नेमका किती खुजा, यावरून संग्राहकांची सर्वांत जास्त फसगत होते. अमेरिकन कॉनिफर सोसायटी ही संस्था १९८३ साली स्थापन झाली. तिने उंचीवर नव्हे, तर वर्षाच्या वाढीवर आधारलेली वर्गवारी रूढ केली. वर्षाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी वाढतो तो मिनिएचर, दहा वर्षांत साधारण वीतभराहून थोडा जास्त. अडीच ते पंधरा सेंटिमीटर वाढतो तो ड्वार्फ. पंधरा ते तीस सेंटिमीटरचा मधला वर्ग, आणि त्यापुढे साधे झाड. ही पद्धत प्रामाणिक आहे, कारण झाड कधीच वाढायचे थांबत नाही. खुजा प्रकारही शंभर वर्षे जगला तर माणसाच्या डोक्यावर जातो. हिनोकी सायप्रसचा ‘नाना ग्रॅसिलिस’ दहा वर्षांचा असताना मांडीएवढा, हिरव्या शिंपल्यांच्या राशीसारखा सुरेख दिसतो. पण पन्नास वर्षांनी तो खिडकी झाकून टाकतो. दहा वर्षांची उंची सांगणारी पाटी वाचून विसाव्या वर्षाची जागा ठरवणारे पस्तावतात.

हिनोकीचे नाव निघाले, तर त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. जपानमध्ये हा वृक्ष देवळांचा. इसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात ते हिनोकीच्या लाकडात, आणि होर्यु-जी येथील तेराशे वर्षांची लाकडी देवळेही हिनोकीचीच. त्याच वृक्षाचे खुजे प्रकार जपानी माळ्यांनी पिढ्यान् पिढ्या जपले. १८६१ साली तो युरोपात पोचला, आणि तेव्हापासून खुज्या शंकुधाऱ्यांच्या बागेतले मानाचे पान बहुतेक त्याच्याकडेच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या एका रोपवाटिकेने ‘नाना ग्रॅसिलिस’चे बी पेरून पाहिले. त्यातून जी रोपे निघाली ती आईपेक्षाही कितीतरी लहान होती. ‘कॅस्पिटोसा’ त्यातलाच, तो वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतो आणि अनेक वर्षांनंतरही ओंजळीत मावेल असा हिरवा गोळा असतो.

संग्रहाचा इतिहास आयर्लंडपासून सुरू होतो. अठराव्या शतकाच्या अखेरीला बेलफास्टजवळच्या मोयरा येथे नॉर्वे स्प्रूसचे एक अगदी खुजे झाड आढळले. लॉर्ड क्लॅनब्रासिल यांनी ते आपल्या टॉलीमोर येथील बागेत आणले. ‘क्लॅनब्रासिलियाना’ हे त्याचे नाव आजही टिकून आहे, आणि ते मूळ झाडही टॉलीमोरला उभे आहे. त्यानंतर शतकभर बागांमधून असे प्रकार सुटे सुटे जमत राहिले, पण ती नावे एकत्र आणून पडताळली कोणी नव्हती. ते काम आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मरे हॉर्निब्रुक यांनी केले. त्यांचे खुज्या आणि सावकाश वाढणाऱ्या शंकुधाऱ्यांवरचे पुस्तक १९२३ साली निघाले, आणि १९३८ साली वाढीव आवृत्ती. एकेका झाडाची पाने, डोळे, फांदीचा कोन मोजून त्यांनी वर्णने लिहिली. नावांचा गोंधळ निस्तरताना आजही त्यांच्याकडेच जावे लागते. पुढे १९६६ साली हम्फ्री वेल्च यांचा ग्रंथ आला आणि अभ्यास पुढच्या पिढीकडे गेला.

अमेरिकेत न्यू जर्सीतले विल्यम गोटेली यांनी आपल्या आवारात पंधराशेच्या आसपास झाडे जमवली होती. १९६२ साली त्यांनी तो सगळा संग्रह वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आर्बोरेटमला देऊन टाकला. ही झाडे आज पाहणाऱ्याला खुजेपणाचा खरा अर्थ कळतो, कारण त्यातली बरीच आता बघणाऱ्याच्या उंचीच्या वर गेली आहेत. मिशिगनमधल्या हिडन लेक गार्डन्समध्ये जस्टिन हार्पर यांनी दिलेला संग्रह आहे. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातले बेजबरीचे पिनेटम, म्हणजे शंकुधाऱ्यांचे उद्यान, १९२५ साली क्यूच्या वनस्पती उद्यानाने आणि वनखात्याने मिळून उभारले. एकट्याने आयुष्यभर जमवलेले झाड आपल्यामागे जगायचे असेल, तर ते सार्वजनिक बागेत गेले पाहिजे, हे या संग्राहकांना कळले होते.

नावांचे नियम किचकट वाटतात, पण संग्राहकाला ते टाळता येत नाहीत. जातीचे लॅटिन नाव आधी आणि प्रकाराचे नाव एकेरी अवतरणात, ही पद्धत. १९५९ नंतर नव्या प्रकाराला लॅटिन वळणाचे नाव देता येत नाही. त्यामुळे ‘नाना’, ‘पिग्मिया’, ‘ग्लोबोसा’ अशी नावे दिसली की तो प्रकार जुना असण्याचा संभव अधिक. जगभरच्या शंकुधारी प्रकारांची नोंदणी लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी करते. दोन जातींच्या ‘नाना’ एकमेकांशेजारी ठेवल्या, तर त्यांत ठेंगणेपणाखेरीज काहीही साम्य नसते, म्हणून जातीचे नाव सोडून नुसत्या ‘नाना’ची मागणी करणे व्यर्थ आहे.

खुजेपणावरच सगळे संपत नाही. संग्राहकाला ओढ असते ती रंगाची, पोताची, शंकूंची. कोरियन फरचे शंकू जांभळे निळे असतात आणि फांदीवर दिव्यांसारखे उभे राहतात. हे झाड माणसाच्या उंचीचे होण्याआधीच ते धरू लागते. जर्मनीत निवडलेल्या त्याच्या ‘सिल्बरलोके’ या प्रकाराच्या सुया वर वळतात आणि खालची रुपेरी बाजू दाखवतात. त्या ‘सिल्बरलोके’वर एक खराटा सापडला, आणि त्यापासून आलेला ‘आइस ब्रेकर’ म्हणजे मुठीएवढा रुपेरी गोळा. अपघातावर अपघात होऊन जन्मलेली ही वस्तू. ‘ब्लू स्टार’ जुनिपरची कथाही तशीच. फ्रँक मायर यांनी चीनमधून आणलेल्या ‘मायेरी’ या प्रकारावर हॉलंडमध्ये १९५० च्या सुमारास एक वेगळी फांदी आली. १९६४ साली ती बाजारात उतरली. मूळ जात हिमालयापासून चीनपर्यंत पसरलेली आहे.

याच कोरियन फरची दुसरी बाजू मात्र दुःखाची आहे. बागेत तो सुखाने वाढतो, पण जेजू बेटावरच्या हल्लासान पर्वतावर, त्याच्या मूळ घरी, तो मोठ्या प्रमाणावर वाळत चालला आहे. वाढते तापमान हे त्याचे एक मुख्य कारण मानले जाते. जगातल्या शंकुधारी जातींपैकी सुमारे एक तृतीयांश जाती धोक्यात आहेत, असे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१३ साली जाहीर केले. सिसिलीतल्या नेब्रोडी फरची रानातली मोठी झाडे तिसाच्या आसपास उरली आहेत. खुजा प्रकार दुर्मीळ असला तरी टिकतो तो माणसाने जपल्यामुळे. अशा जाती दुर्मीळ झाल्या त्या बहुधा माणसाच्या कुऱ्हाडीमुळे आणि आगीमुळे. संग्राहकाने दोन्हींतला फरक ओळखला पाहिजे, आणि रानातून उपटलेले रोप कधीही घेता कामा नये.

बागेने एखादी जात वाचवल्याची दोन उदाहरणे ठळक आहेत. पहिले मेटासेक्वोया. जपानच्या शिगेरु मिकी यांनी १९४१ साली जीवाश्मांवरून ही प्रजाती वर्णन केली. ती केव्हाच नामशेष झाली असे सगळे धरून चालले होते. त्याच सुमारास मध्य चीनमधल्या एका खेड्यात एक अनोळखी वृक्ष वनाधिकाऱ्यांच्या नजरेला पडला. १९४८ साली हू शियानसू आणि चेंग वानजुन यांनी तोच हा मेटासेक्वोया, असे प्रसिद्ध केले, आणि बियांची पुडकी अर्नोल्ड आर्बोरेटममधून जगभर गेली. हा शंकुधारी हिवाळ्यात पाने गाळतो. त्याचा ‘मिस ग्रेस’ हा लोंबत्या फांद्यांचा लहान प्रकार आता छोट्या बागांत लावतात.

दुसरे वोलेमी पाइन. १९९४ साली सिडनीपासून दीड-दोनशे किलोमीटरवरच्या डोंगराळ वोलेमी राष्ट्रीय उद्यानात डेव्हिड नोबल नावाचे कर्मचारी एका खोल घळीत उतरले आणि त्यांना कधी न पाहिलेले झाड दिसले. साल फुटलेल्या चॉकलेटी बुडबुड्यांसारखी, पाने नेच्यासारखी. याचे नातलग कोट्यवधी वर्षांच्या जीवाश्मांतूनच माहीत होते. रानात वाढलेली मोठी झाडे शंभराहूनही कमी. जागा गुप्त ठेवली गेली, आणि चोरट्यांनी मूळ झाडांपर्यंत पोचूच नये म्हणून सरकारने रोपे स्वतःच विकायची ठरवली. २००५ साली सिडनीत पहिल्या रोपांचा लिलाव झाला, पुढच्या वर्षी ती सर्वांसाठी खुली झाली. २०१९-२० च्या वणव्यात अग्निशामक दलाने हेलिकॉप्टरने पाणी टाकून आणि घळीत तुषार सिंचन बसवून ते रान वाचवले. एका बादलीएवढ्या कुंडीत वोलेमी बाळगणारा हौशी माणूस तो वंश टिकवायला खरोखरच हातभार लावत असतो.

आता लागवडीचे. खुज्या शंकुधाऱ्यांना खत थोडे चालते, पण मुळांशी साचलेले पाणी मुळीच चालत नाही. माती भुसभुशीत, खडीमिश्रित, थोडी आम्ल असली की बहुतेक प्रकार खूश असतात. युरोपात जुन्या दगडी डोण्यांत खडी आणि माती भरून त्यात अल्पाइन झाडांच्या शेजारी हे शंकुधारी लावतात. जुनिपरचा ‘कॉम्प्रेसा’ हा पेन्सिलीसारखा उभा प्रकार अशा डोणीचा जुना मानकरी आहे. लावताना कुंडीत गोल गोल फिरलेली मुळे सोडवून पसरवली नाहीत, तर झाड पाच-सहा वर्षांनी कारण न कळता मरते. कोनिकाला कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी लागतो: सुया आधी धुरकट, मग तपकिरी. पाण्याची जोरदार फवारणी सकाळीच आतपर्यंत केली, की हा उपद्रव बराच आटोक्यात येतो. आणि कोनिकावर कधी तरी एखादी फांदी अचानक हातभर वाढते, जाड, मोठ्या सुयांची. ती व्हाइट स्प्रूसच्या मूळ वळणावर गेलेली असते. बुडापासून कापली नाही तर काही वर्षांत सगळे झाड तीच गिळते. उलट, तिथेच एखादी आणखी लहान, दाट फांदी दिसली तर तिला कात्री लावू नये. ‘लॉरिन’सारखे आणखी चिमुकले प्रकार अशाच फांद्यांतून निघाले आहेत.

छाटणीबाबत एक पथ्य कठोर आहे. पाइन आणि स्प्रूसच्या पाने गळलेल्या जुन्या लाकडातून पुन्हा फुटवा येत नाही. तिथवर कापले की ती जागा कायमची उघडी राहते. पाइनला आवरायचे असेल तर वसंतात मेणबत्तीसारखे उभे राहणारे कोवळे फुटवे बोटांनी अर्ध्यावर मोडतात, कात्री लावत नाहीत.

महाराष्ट्राच्या हवेत यातले फारसे काही टिकत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. फर आणि स्प्रूसला कडाक्याची थंडी हवी. त्यातच त्यांची झोप पूर्ण होते. पुणे-नाशिकची थंडी त्यांना पुरत नाही, आणि पावसाळ्यातल्या चिंब मातीत मुळांना बुरशी लागते. सह्याद्रीच्या रांगेत निसर्गतः वाढणारा शंकुधारी म्हणजे दक्षिण टोकाकडचा नगेया, आणि तो महाराष्ट्रापर्यंत येत नाही. इथे चालते ती मोरपंखी. मूळ ती उत्तर चीनची. बीजिंगच्या देवळांच्या आवारांत तिची शेकडो वर्षांची झाडे आहेत. शाळकरी मुले जिला ‘विद्या’ म्हणून पुस्तकात जपतात, ती हीच चपट्या पानांची डहाळी, आणि रोपवाटिकेत मिळणारी सोनेरी गोल मोरपंखी हा तिचा खुजा प्रकारच आहे. जुनिपरचे काही चिनी प्रकार आणि पोडोकार्पस दख्खनच्या पठारावर कुंडीत बरे राहतात. हिमालयाच्या पायथ्याशी बाग असलेल्याला मात्र देवदाराच्या ‘फीलिन ब्लू’सारख्या पसरट निळ्या प्रकारांपासून सुरुवात करता येते, देवदार आणि कैल एकोणिसाव्या शतकात इथून युरोपात गेले आणि तिथल्या रोपवाटिकांतून खुजे होऊन परत येत आहेत.

संग्रह वाढू लागला की पाटीची काळजी घ्यावी लागते. शाई उन्हात वर्षभरात उडते, प्लास्टिक तडकते, आणि नाव गेलेला खुजा प्रकार तज्ज्ञालाही खात्रीने ओळखता येत नाही, कारण लहानपणीची दोन झाडे सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर खिळ्याने कोरलेले नाव टिकते. ती पाटी खोडाला तारेने आवळू नये, तार लाकडात रुतून झाड गळफास लागल्यासारखे वाळते. ती मुळाशी मातीत रोवावी. शिवाय वहीत वाफ्याचा नकाशा काढून प्रत्येक झाडापुढे जात, प्रकार, कोणत्या झाडाची काडी, कोणता खुंट आणि लावल्याची तारीख लिहून ठेवावी, आणि दर हिवाळ्यात त्या वर्षाची वाढ सेंटिमीटरमध्ये मोजून त्यात भरावी.